आज-उद्या चालेल, ध्यान ठेव

आपा, तू गेलीस त्या दिवशी मला कुणाकडंही रजा मागावी लागली नाही.

सकाळी तुझ्या सुनेचा, नाझियाचा फोन आला. मी समोरचा लॅपटॉप मिटला, एगैलाच्या माझ्या छोट्या ऑफिसच्या दाराला ‘आज बंद’ची पाटी लावली आणि गाडी काढून फिंतासला तुझ्या घरी आले. रस्ताभर रडत होते, आणि रडतानाच आत कुठंतरी सुटल्यासारखंही वाटत होतं. हे दुसऱ्या कुणाला सांगितलं तर लोक म्हणतील, बाईचं डोकं फिरलंय. तुला सांगायला हरकत नाही.

कल्पना कर, मी अजून कुवेत सिटीत मिरकाबच्या त्या टॉवरमध्ये नोकरीला असते तर? एचआरच्या पोरानं स्क्रीनकडं बघत विचारलं असतं, “मॅडम, रिलेशन?” काय सांगितलं असतं मी? बहीण म्हणावं तर आडनाव जुळत नाही. मावशी, काकू यांच्यासाठी रजा मिळतच नाही. “माझी मुलगी सांभाळायची ती बाई” असं म्हटलं असतं, तर त्यानं दोन मिनिटं चेहरा पाडला असता आणि मला दुपारच्या मीटिंगची आठवण करून दिली असती. माझे वडील गेले तेव्हा नातं नियमात बसण्यासारखं होतं, तरी विमानतळावर जायच्या आधी मी रडत रडत हँडओव्हर लिहीत होते. तो हँडओव्हर वाचून माझ्या साहेबांनी ‘वेल डन’ असं उत्तर पाठवलं होतं. ते ‘वेल डन’ मला कितीतरी वर्षं टोचलं.

तुझ्या वेळी तसलं काही झालं नाही. मी आले, नाझियाजवळ बसले, तुझ्या स्वयंपाकघरात पातेलंभर चहा टाकला, आणि कुणीही मला काही विचारलं नाही.

सई पोटातून बाहेर येऊन काही महिने झाले होते तेव्हा आपली गाठ पडली. माझी बाळंतपणाची रजा संपत आली होती. इथं ना माझी आई, ना महेशची. कुणीतरी सांगितलं, खालच्या मजल्यावर श्रीवर्धनची एक बाई पोरं सांभाळते. मी तयारी करून आले होते. जेवण किती वाजता, झोप कधी, टीव्ही दाखवता का, सगळे प्रश्न इंग्रजीत टाइप केलेले. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, “चपल्या भायर काढ. फोन त्या कपाटावर पालथा ठेव. बस आधी.”

मी तुला ‘तुम्ही, तुम्ही’ करत होते. तू हसलीस. “तुमी कशाला गो? मी काय तुझी सासू हाय?” त्या दिवसापासून तू.

तुझा नियम सगळ्या आयांना माहीत होता. संध्याकाळी ऑफिसातून आलेल्या बाईला दारातून पोर मिळायचं नाही. आधी आत यायचं, बसायचं, चहा घ्यायचा. “हापिस उतरू दे अंगावरना, मग घे पोरीला,” असं म्हणायचीस. मला राग यायचा. घरी कणीक मळायची, कपडे मशीनला लावायचे, आणि ही बाई मला बसवून ठेवते! सई समोर रांगत असायची, हात पसरायची, आणि तू आम्हा दोघींच्या मधे आलं किसत उभी. पण कप संपेपर्यंत माझे खांदे खाली आलेले असायचे, हे मला घरी गेल्यावर कळायचं.

माझं व्हिजिटिंग कार्ड तू फ्रीजला लावलं होतंस, खजुराच्या आकाराच्या चुंबकाखाली. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचीस, “ही आमची परभणीवाली. मिरकाबमधी म्यानेजर हाय.” मी वरवर “राहू दे गं आपा” म्हणायचे, पण मला आवडायचं. का नाही आवडणार? माझ्या बापानं जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी वाहिल्या. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. कार्डावर माझं नाव, नावापुढं बी.कॉम., एम.कॉम. त्या दोन अक्षरांसाठी मी वसतिगृहात काय काय खाल्लंय आणि काय काय गिळलंय, ते मलाच माहीत. मी ते कार्ड ताठ मानेनं देत होते. आजही ताठ मानेनंच देते, फक्त कार्ड बदललंय.

आता आपल्या भांडणाकडं येते. ते अर्धंच राहिलं होतं ना?

सई वर्षाची व्हायला आली होती. एका बुधवारी चहा देताना तू सहज म्हणालीस, “आज-उद्या चालेल हां तुझी पोरगी. ध्यान ठेव.” आणि खरोखरच त्या शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, आमच्या हॉलमध्ये सईनं टीपॉयवरचा हात काढला आणि डुलत डुलत माझ्यापर्यंत आली. महेशनं व्हिडिओ काढला. मी परभणीला फोन केला, माझी आई फोनवर ओरडली, शेजारच्यांना बोलावलं. रविवारी ऑफिसला जाताना तुला सांगितलं तेव्हा तू दोन्ही हात गालांवर ठेवलेस. “माशाल्ला! खरा? कुणाकडं आली पैली? तुझ्याकडंच?” आणि त्या दुपारी सगळ्या पोरांना शेवयांची खीर केलीस. मला वाटलं, आपाला काय जाण आहे पोरांची! मांडीवर घेऊन ओळखते, कोण कधी चालणार ते.

पुढं सई चांगली केजीत जाऊ लागल्यावर, शाळेनंतर तुझ्याकडं यायची तेव्हाची गोष्ट. मी चहा पीत होते. तुझे नवरोबा अब्बासभाई शुवैखचं दुकान मुलाकडं सोपवून नुकतेच घरी बसायला लागले होते, आणि घरी बसलेल्या पुरुषासारखे जास्त बोलायला लागले होते. कुणाचं तरी बाळ गालिच्यावर धडपडत होतं. ते बघून ते मला म्हणाले, “तुझी सई पण हितंच चालली ना पैली. मी दुपारचा जेवाया आलो होतो, त्या टीव्हीपासना ती माझ्यापर्यंत. आपानं मला गप बसवला, बोलली, कुणाला सांगू नका.”

तू त्यांच्याकडं असं पाहिलंस की ते बिस्कीट घेऊन आतल्या खोलीत गेले.

मी कप खाली ठेवला. अर्धा होता. “कधी?”

“कसला कधी?”

“आपा, कधी चालली ती?”

“त्या हप्त्यात. सोमवार असेल.”

“मला कामून नाही सांगितलंस?”

एरवी माझ्या ‘कामून’ची तू नक्कल करायचीस. त्या दिवशी केली नाहीस. “सांगून काय मिळाला असता तुला? रडली असतीस.”

“रडले असते. पण खरं कळलं असतं.”

“खरा घेऊन काय करणार होतीस? हापिसात लावणार होतीस भिंतीला?”

“सगळ्यांना असंच फसवतेस?”

“सगळ्यांना,” तू म्हणालीस. आवाजात लाज नाही, काही नाही. “पैला पाऊल आईच्या घरात पडाया पायजे. हितं पडतो तो सराव.”

मी सईचा हात धरला आणि निघाले. आठवडाभर मी दारातच उभी राहायचे. तू पोरगी द्यायची नाहीस, मी आत यायची नाही. शेवटी सईच कंटाळून म्हणायची, “कॅन वी प्लीज गो?” अब्बासभाई आतून ओरडायचे, “अरे कुणीतरी बसा, नायतर कुणीतरी जावा!”

लोक विचारतात, एवढी चांगली नोकरी का सोडली. मी सांगते, स्वतःचं काहीतरी करायचं होतं. ते खोटं नाही. पण त्या सोमवारचं मी कुणाला सांगत नाही. त्या सोमवारी मी काय करत होते, ते मी आठवायचा खूप प्रयत्न केला. काहीही आठवलं नाही. माझी मुलगी पहिल्यांदा चालली तो दिवस माझ्या डोक्यात कोरा होता, आणि त्या दिवशी ऑफिसनं मला कशासाठी बसवून ठेवलं होतं तेही मला सांगता येत नव्हतं. नोकरी वाईट नव्हती, आपा. साहेब वाईट नव्हते. पण मी जे देत होते ते कुठं जात होतं, ते मला दिसेनासं झालं.

म्हणून पुढच्या वर्षी, दुबईचा दौरा जोडलेली बढती समोर आली तेव्हा मी राजीनामा दिला. त्याच संध्याकाळी तुझ्याकडं आले.

“राजीनामा दिला, आपा.”

“कुणी?”

“मी.”

तू गॅस बारीक केलास. “त्या गालिच्यावरना?”

मी मान डोलावली. तू समजलीस आणि भडकलीस.

“येडी हायस काय गो? एवढी शिकलीस ती दुकानदारांच्या मागं फिरायला?”

“सलूनवाली, शिंपी, गॅरेजवाला, यांना पूर्ण वेळचा अकाउंटंट ठेवणं जमत नाही. त्यांचं काम मी करीन. उम्म फहद भागीदार व्हायला तयार आहे, रुखसा ती काढून देते.” उम्म फहद आमच्या ऑफिसातून निवृत्त झालेली कुवेती बाई. तिच्या नावाशिवाय मला रुखसा, म्हणजे धंद्याचा परवाना, मिळाला नसता.

“माझा ऐक. सोताचा काम म्हणजे काय, ते मला इचार. ताप असला तरी दार उघडाया लागता. ईदेला पण कुणाची ना कुणाची आई येते, आपा दोन तास ठेव. तुला रजा हाय, इन्शुरन्स हाय, कार्ड हाय.”

“कार्ड मी पण छापीन.”

“छाप. फ्रीजवर जागा नाय.”

मग तू जे म्हणालीस, ते मला पुढं फार छळलं. “घरी राहशील, पण घरी असशील काय?”

तेव्हा मी तोऱ्यात होते. असेन, म्हटलं. ओमच्या वेळी दिवस गेले तेव्हा तर मी सगळ्यांना सांगून टाकलं, हा कुठंही जाणार नाही, माझ्याजवळ वाढेल. तू फक्त “बरा” म्हणालीस आणि त्याच्यासाठी झबली शिवून पाठवलीस.

स्वतःचं काम सुरू केलेल्या बाईचं घर कसं असतं, ते तुला माहीत होतं. मला नव्हतं. एका हातात ओम, दुसऱ्या हातात फोन. फोनवर गॅरेजवाला, तिकडं सरकारी कागद फिरवणारा मंदूब लेबर ऑफिसातून विचारतोय की अमुक कागदावर शिक्का कुणाचा. उन्हाळ्यात सगळं कुवेत गावाला जातं आणि माझा फोन मुका होतो, तेव्हा महेश रात्रीच्या जेवणाला घरभाड्याचा हिशोब काढतो. मला ऑफिसातली ती फिरती खुर्चीसुद्धा आठवायची. खोटं कशाला बोलू?

आणि मग तो दिवस. ओम अजून वर्षाचा व्हायचा होता. मी बेडरूममध्ये गॅरेजवाल्याशी बोलत होते. सई धावत आली. “मम्मा, ही वॉक्ड! ओम वॉक्ड! यू वेअर ऑन द कॉल.” तिनं काही लपवलं नाही, काही गोड केलं नाही. मला हवं होतं ते निखळ खरं, माझ्याच लेकीच्या तोंडून. मी तिथं उभी, फोनमधून गॅरेजवाला, “मॅडम? हॅलो मॅडम?”

एका भिंतीपलीकडं होते मी, आपा. नोकरी सोडून, माझ्या स्वतःच्या घरात.

दुसऱ्या दिवशी ओमला काखेत मारून तुझ्याकडं आले. चपला काढल्या, फोन पालथा ठेवला, न सांगता बसले. सगळं सांगितलं. तू आधी गंभीर होतीस. मग तुझा ओठ हलला. मग तू इतकी हसलीस की ओढणीनं डोळे पुसायला लागलीस. “कळला ना खरा? काय मिळाला? सांग, काय मिळाला?”

मी चिडायला पाहिजे होतं. मीही हसायला लागले. आपण दोघी हसतोय आणि ओम मधे टाळ्या पिटतोय.

मग तू विचारलंस, “पण फोन ठेवलास काय?”

“ठेवला. तोंडावर ठेवला त्याच्या.”

“मग?”

“मग तो परत चालला. पडला, परत चालला. महेश येईपर्यंत आम्ही तिघं जमिनीवरच होतो. मी सगळी कामं दुसऱ्या दिवशीवर ढकलली.”

“कुणाला इचारून?”

“कुणाला विचारणार? मीच साहेब.”

तू चहा ढवळत राहिलीस. साखर कधीच विरघळली होती. मग म्हणालीस, “हां. तेवढा बरा हाय.”

माझ्या सगळ्या निर्णयावर तू दिलेली शाबासकी एवढीच. मला पुरली. आणि पुढच्या वेळी आले तेव्हा फ्रीजवर खजुराच्या चुंबकाखाली माझं नवं कार्ड होतं. जुनं त्याच्या मागं. मी ते बघितलं हे तू बघितलंस, आणि लगेच मला म्हणालीस, “उद्यापासना ओमला सकाळी आण. दुपारपर्यंत ठेव. गुमान काम कर, मग गुमान आई हो. दोन्ही एकदम करू नको, दोन्ही जळतात.”

तिथून माझं गाडं रुळावर आलं. एगैलाचं ऑफिस त्यानंतरचं.

एक गोष्ट मात्र मी तुला कधी सांगितली नाही. राजीनामा लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर कोण होतं, माहीत आहे? टॉवरमधल्या सुटाबुटातल्या बायका नव्हत्या. माझी आई आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतात गेली, दुसऱ्यानं सांगितलेल्या वेळी. माझ्या ओळखीत स्वतःच्या दाराची मालकीण असलेली बाई एकच होती. कुणाला आत घ्यायचं, कुणाला बसवायचं, कुणाला चहा पाजल्याशिवाय सोडायचं नाही, हे जी स्वतः ठरवायची. तू मला नोकरी सोडू नको म्हणून ओरडत होतीस, आणि मी तुझ्याकडं बघूनच सोडत होते. सांगितलं असतं तर तू हात उडवला असतास. “मी काय गो, पोरां सांभाळतंय.” म्हणून राहून गेलं. आता सांगितलं. ऐकून घे.

तू कुणालाही त्रास न देता गेलीस. अब्बासभाई सांगत होते, पहाटेची नमाज झाली, “जरा पडते, पोरां यायच्या आधी उठवा” म्हणालीस, आणि उठली नाहीस. नळ्या नाहीत, आयसीयू नाही. तुला कुणाच्या हातून पाणी प्यायला आवडलं नसतं. मला याचं फार बरं वाटतंय. आपण भांडून तुटलो नाही, याचं त्याहून बरं वाटतंय.

तिसऱ्या दिवशीची गोष्ट सांगते आणि थांबते.

घरात बायकांची ये-जा होती. तरी नाझियानं दोन-तीन पोरं ठेवून घेतली होती, कारण त्यांच्या आयांना दुसरा इलाजच नव्हता. मी ऑफिस बंदच ठेवलं होतं, नाझियाच्या मदतीला बसले होते. त्यात पूजाची मुलगी, मीरा. पूजा पुण्याची, बँकेत नवीन लागलेली, तुझ्याकडं सगळ्यात नवी आई. मीरा तुझ्या गालिच्यावर, टीव्हीच्या स्टँडला धरून उभी होती. तिनं इकडंतिकडं पाहिलं. कदाचित तुला शोधत असेल. मग स्टँड सोडला आणि थेट माझ्याकडं आली. पाय फाकवून, हात वर, तोंड उघडं. येऊन माझ्या गुडघ्यांवर आदळली.

नाझियानं तोंडावर हात ठेवला. दारात अब्बासभाई उभे होते. तीन दिवसांत पहिल्यांदा त्यांचा चेहरा हलला.

संध्याकाळी पूजा आली. गळ्यात बँकेचा पट्टा तसाच, डोळे तुझ्यासाठी रडून आधीच सुजलेले, आणि त्यातही घाई. दारातच म्हणाली, “ताई, हिनं त्रास नाही ना दिला? आज काय केलं हिनं?”

अब्बासभाईंनी तोंड उघडलं.

“अब्बासभाई,” मी म्हटलं, “चहाचं बघता का जरा?”

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. आणि आपा, ते वळले आणि खरंच चहा टाकायला गेले. तुझ्या घरातला तो पुरुष पहिल्यांदा वेळेवर गप्प बसला.

पूजा हात पुढं करून उभी होती. मी मीराला कडेवर घेऊन मधे उभी राहिले. “चपला बाहेर काढ. फोन पालथा ठेव. बस आधी.”

ती बसली. चहा प्यायली. मी तिचे खांदे बघत होते. ते खाली आले तेव्हा मुलगी तिच्या मांडीवर दिली आणि सहज म्हटल्यासारखं म्हटलं, “आज-उद्या चालेल हां ही. ध्यान ठेव.”

“खरंच?” ती एकदम सरळ झाली. “तुम्हाला कसं कळतं?”

“आपानं शिकवलं,” मी म्हटलं.

शुक्रवारी दुपारी तिचा व्हिडिओ आला. मीरा सोफ्यापासून पूजापर्यंत चालतेय आणि मागून पूजाचा नवरा आनंदानं किंचाळतोय. खाली पूजानं लिहिलं होतं, ‘ताई, चालली! आम्ही दोघंही समोर होतो!’

मी लिहिलं, ‘अगं, खरंच? पहिली तुझ्याकडंच आली?’ मग फोन पालथा ठेवला आणि ओमच्या मागं पळाले.